उभी ट्रॉली आवाज करत नाही

अहो, तुमच्या कानांवरून घरात भांडण पेटलंय आणि नेमके तुम्हीच उत्तर द्यायला नाही. एरवी कुणी या विषयावर एक शब्द काढला की तुम्ही अर्धा तास बोलायचात. खिशातून ती कानात घालायच्या नारिंगी बोळ्यांची डबी काढून समोरच्याच्या हातावर ठेवायचात आणि त्याचा चहा गार झाला तरी त्याला सोडायचा नाहीत. आता ओळखीची सगळी माणसं तुमच्या कानांबद्दल बोलताहेत आणि तुम्ही गप्प आहात. हे काही बरं केलं नाहीत.

सुरुवात मातीला आलेल्या माणसांपासूनच झाली. झालं होतं एवढंच, की मैंदर्गीकडची जनावरं तपासून तुम्ही सोलापूरला परत येत होतात, दिवस मावळून गेला होता, आणि रस्त्यात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर तुमची मोटरसायकल आदळली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, लाल पट्टी नव्हती. चाक पंक्चर झालं म्हणून ड्रायव्हर ती भरलेली ट्रॉली तशीच डांबरावर सोडून ट्रॅक्टर घेऊन निघून गेला होता. पण हे कुणी बोलेना. अंगणातून पहिलं वाक्य माझ्यापर्यंत आलं ते असं : "डॉक्टरच्या कानात बोळे हुते म्हणं." दुसरा म्हणाला, "मंग ऐकाय कसं यील?" तिसऱ्याने नुसतं "च् च्" केलं असणार. झालं, निकाल लागला. चहा यायच्या आत तुम्ही गुन्हेगार ठरलात.

मी आत तुमच्यापाशी होते. आपल्या रीतीप्रमाणे तुम्हाला बसवलं होतं, कपाळाला विभूती लावली होती, गळ्यात हार होते. आणि कानांत कापूस होता. दवाखान्यात तुमचे ते नारिंगी बोळे काढून, कागदाच्या पुडीत बांधून आपल्या लेकीच्या, गिरिजाच्या हातात दिले आणि त्याच कानांत पांढरा कापूस कोंबला. मला इतका संताप आला म्हणून सांगू! जित्या माणसाने कान सांभाळायला बोळे घातले तर तो येडपट, आणि मेल्यावर काहीएक ऐकायचं उरलं नसताना कापूस घातला तर ती रीत. तेव्हा कुणाला प्रश्न पडत नाही.

अव्वांचं म्हणणं मात्र वेगळं आहे आणि ते मला जास्त लागतं. तुमची आई, त्यांना मी काय बोलणार? घरात सगळेच त्यांना अव्वा म्हणतात, पण अव्वा तुमच्याच. तुम्हाला आठवत असेल, पहिल्यांदा तुम्ही सोप्यात बसून कानात बोळा घातलात तेव्हा त्या स्वयंपाकघरातून धावत आल्या होत्या. "काडऽ! आदी काड ते! मढ्याच्या कानात घालत्यात बोळे. जित्या माणसानं असलं सोंग करू नये." तुम्ही हसलात. कापूस वेगळा आणि हा फोम वेगळा, असं समजावत बसलात. अव्वांनी ऐकून घेतलं आणि पुढे कधी विषय काढला नाही. पण रोज सकाळी तुम्ही दारात हेल्मेट चढवायला लागलात की त्या आत निघून जायच्या. तुम्ही ते पाहिलं नसेल. मी रोज पाहत होते.

आता त्या म्हणतात, "मी म्हणलं हुतं. मी म्हणलं हुतं की." बस, एवढंच. रडत पण नाहीत नीट.

आणि सिद्राम! तुमचा लाडका मावसभाऊ. त्याने काय केलं माहीत आहे? तुमचा तो पांढऱ्या शर्टातला फोटो घेतला, चारी बाजूंनी फुलं लावली आणि खाली लिहिलं, की डॉक्टर शिवानंद शिवैक्य झाले, कानात बोळे असल्याने समोरच्या वाहनाचा अंदाज आला नाही, तरी सर्व बांधवांनी बोध घ्यावा. बोध घ्यावा म्हणे! खाली हात जोडल्याची रांगच्या रांग. तो मेसेज फिरत फिरत माझ्या शाळेतल्या बाईंकडून मलाच आला. माझ्याच नवऱ्याच्या मरणाचा बोध मी घ्यावा म्हणून.

मी त्याच दिवशी त्याला फोन करून विचारलं, "सिद्राम, उभ्या ट्रॉलीचा आवाज कसा असतो रे?" तो म्हणाला, "वैनी, तुमी आता दुःखात हाय." मी दुःखात आहे हे मला ठाऊक आहे. मी ट्रॉलीबद्दल विचारत होते.

हे बोळे कुणी आणले घरात? मी. लोक जे तोंडावर बोलत नाहीत ते हेच आहे, आणि मी ते छातीठोकपणे सांगते. मीच आणले. माझे वडील मिलमध्ये लूम खात्यात होते. आयुष्यभर मागांच्या खडखडाटात उभे राहिले आणि उतारवयात सोप्यावर एकटे बसून राहिले. आई त्यांना घरातली गुपितं सांगायची ती अख्ख्या चाळीला कळायची. नातवंडं जवळ यायची, बोलायची, आणि ते हसून नुसती मान हलवायचे, काही कळलेलं नसताना. लोकांना वाटायचं म्हातारा समाधानी आहे. समाधानी कसला, त्यांना कुणाचं काही ऐकूच येत नव्हतं. ते हसणं मी फार पाहिलंय. म्हणून लग्नानंतर काही वर्षांनी तुम्ही फेरीवरून आल्यावर "काय म्हणालीस?" असं दोनदोनदा विचारायला लागलात आणि टीव्हीचा आवाज वाढवायला लागलात, तेव्हा मला धडकी भरली. मी म्हटलं, तुमचा माग कुठं आहे? तुम्ही कुठल्या मिलमध्ये जाता? मग माझं मलाच कळलं, तुमचा माग म्हणजे दिवसभराची ती मोटरसायकल आणि तिच्यावरचा वारा.

तुम्ही उडवून लावलंत. "हेल्मेट घालतो की मी. कान झाकलेले असतात." सगळ्यांना हेच वाटतं. तुम्ही कानाला उपरणं गुंडाळून पाहिलंत. मग अव्वांचा डोळा चुकवून कापूस घालून पाहिलात. काही फरक नाही. संध्याकाळी उशीला कान लावला की आत रातकिडे, असं तुम्हीच म्हणायचात, आणि तरी म्हणायचात की दमणुकीने होतं.

तुमचे डोळे उघडले ते त्या म्हशीने. ती गोष्ट तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलीत की आता मीच सांगू शकेन. मैंदर्गीपासून पुढे एका वस्तीवर म्हैस चारा सोडून बसली होती. तुम्ही भरधाव गेलात, गाडी लावली, तसाच स्टेथोस्कोप काढून तिच्या डाव्या कुशीला लावलात. कोठीपोट चालू असलं की लांब कुठेतरी आभाळ गडगडल्यासारखा आवाज येतो, तो येईना. येत होती ती नुसती 'सूंऽऽ'. तुम्ही मालकाला सांगितलंत, पोट बंद पडलंय, अवघड आहे. त्याच्या बायकोने डोळ्याला पदर लावला. तुम्ही औषधाची जुळवाजुळव करत, चहा घेत जरा वेळ बसलात, आणि सुई टोचायच्या आधी सवयीने पुन्हा एकदा कान लावलात. तर पोट व्यवस्थित गडगडत होतं. हळू, पण चालू होतं. बंद पडले होते ते तुमचे कान.

त्या दिवशी घरी येऊन तुम्ही पायरीवर बसलात, बूटसुद्धा काढले नाहीत. म्हणालात, "सुवर्णा, मी आज धडधाकट पोटाला मेलेलं ठरवलं असतं." तुमचा चेहरा असा मी नंतर कधी पाहिला नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी कारखान्यांना हातमोजे, चष्मे, असलं सामान विकणारं दुकान शोधलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "बाई, कुठल्या खात्यासाठी पायजेत?" मी म्हटलं, नवऱ्यासाठी. तो हसला. म्हणाला, "बडबड लई करत्यात व्हय मालक?"

पुढे तर तुम्ही माझ्यावर कडी केलीत. ज्याला बोळे नको होते तो त्यांचा कीर्तनकार झाला. दूध डेअरीपाशी, पारावर, टपरीवर, जिथे मोटरसायकलवाला तरणा पोरगा दिसेल तिथे तुमचं सुरू. हेल्मेट डोकं वाचवतं, कान नाही. वारा मानेपाशी कडेखालून शिरतो आणि आत घुमतो. गाडीने साठ-सत्तर धरली की इंजिनापेक्षा वाऱ्याचाच आवाज मोठा. तो दुखत नाही म्हणून कळत नाही, आणि कळतं तेव्हा गेलेलं परत येत नाही. मग बोळा दोन बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढायचा, बोळा आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत बोट धरून ठेवायचं. हे करताना तुम्ही एका हाताने स्वतःचाच कान धरून रस्त्यात उभे असायचात. लोक म्हणायचे, डॉक्टरला मास्तरनं शिक्षा केली. तुमचं नावच पडलं, बोळेवाले डॉक्टर.

आणि प्रत्येक जण एकच विचारायचा : मागून गाडी आली तर? तुम्ही कधी चिडला नाहीत त्या प्रश्नावर. मी चिडायचे. तुमचं उत्तर ठरलेलं होतं. "मांडवात बँड वाजतोय आणि बायकोनं हाक मारली, तर ऐकू येईल? बँड लांब नेला की येते ना ऐकू? बोळा बँड लांब नेतो. हॉर्नसुद्धा थोडा लांब जातो, पण बुडत नाही."

मला स्वतःला हे पटलं ते जेऊरच्या लग्नाला जाताना. तुमच्या भाचीचं लग्न, आणि तुम्हाला एसटी नको होती. टेंभुर्णीच्या अलीकडे पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा तुम्ही म्हणालात, आज तूही घालून बघ. माझा आंबाडा, फुलं, ठेवणीतलं इरकल, आणि तुम्ही भर पेट्रोल पंपावर माझा कान धरून वर ओढताय. मी म्हटलं, "आपल्या लग्नात माझ्या भावाने तुमचा कान पिळला होता, त्याचा सूड काढताय का?" पंपावरचा माणूस आम्हाला बघून पेट्रोल सांडत होता. मग गाडी निघाली आणि कुणीतरी दार लावून घ्यावं तसा वारा बाहेर राहिला. मागून एसटीने हॉर्न दिला तो मला स्वच्छ ऐकू आला, मीच तुमच्या खांद्यावर थाप मारली. तुम्ही बाजू दिलीत आणि म्हणालात, "आलं ना ऐकू?" तेही ऐकू आलं. जेऊरला उतरल्यावर पहिल्यांदाच प्रवासाने माझं डोकं दुखत नव्हतं. तुमच्या बहिणीने विचारलं, वहिनी एवढी टवटवीत कशी? मी कानातले बोळे काढून पर्समध्ये टाकले आणि म्हटलं, माहेरचा गुण आहे.

तुम्ही एकदा म्हणाला होतात, की बोळे घालून रिकाम्या रस्त्याने निघालं की आपलाच श्वास ऐकू येतो आणि दिवसभराच्या गाठी सुटत जातात. कसल्या गाठी, हे मी विचारणार होते. त्या दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि राहून गेलं. हे असं राहून गेलेलं किती निघतंय, काय सांगू. पण उपकारही तुमचेच आहेत. शेवटपर्यंत तुम्ही माझं हळू बोललेलं ऐकत होतात. स्वयंपाकघरातून पुटपुटलेलंही ऐकायचात आणि नेमकं नको तेव्हा उत्तर द्यायचात. माझ्या आईच्या वाट्याला हे आलं नाही. नवऱ्याशी हलक्या आवाजात भांडता येणं ही केवढी चैन आहे, हे तिला विचारायला हवं होतं.

भांडण म्हटलं म्हणून सांगते, आपलं एक भांडण अर्धंच राहिलंय. बोळ्यांचं नाही. दिवस मावळायच्या आत घरी यायचं. उसाचा हंगाम सुरू झाला की मी रोज सकाळी दारात हेच सांगायचे आणि तुम्ही रोज म्हणायचात, "येतो की." आणि कधी आला नाहीत. कुणाची गाय, कुणाची शेळी, कुणाचा चहा. त्या ट्रॉल्या कशा उभ्या असतात हे तुम्हाला माहीत नव्हतं का? माझा राग ट्रॉलीवाल्यावर आहे, सिद्रामवर आहे, पण तुम्हालाही मी सोडलेलं नाही. लोकांना वाटतं मी तुमची बाजू घेऊन भांडतेय. घेतेच आहे. पण तुम्ही समोर असता तर आधी तुमच्याशी भांडले असते.

तर गणाराधनेच्या दिवशी, तुमच्या दिवसकार्याला, काय झालं ते सांगते. मांडव होता, जंगम आले होते, पंगत बसायची होती. आणि बसवणप्पा आले. ट्रॉली त्यांचीच. त्यांच्या म्हशी तुम्ही कितीदा वाचवल्यात, उसाच्या फडात उभं राहून त्यांच्या खोंडाचा पाय बांधलात. त्यांचं वजन एवढं, की ते मांडवात शिरले तशी चार माणसं उठून उभी राहिली. त्यांनी फोटोला हार घातला, डोळे पुसले. अश्रू खरेच होते बहुतेक. मग माझ्यापाशी येऊन म्हणाले, "अक्का, डॉक्टर म्हंजी देवमाणूस. पण आमी लई येळा सांगितलं हुतं, ते कानातलं काडा म्हणून. ट्रॉली काय ल्हान असती व्हय? पण ऐकायच आलं न्हाय तर माणूस काय करणार?"

आणि सिद्राम मागून, "तेच की."

मी पंचवीस-तीस माणसांसमोर उभी राहिले. वर्गात आवाज चढवायची सवय आहेच. म्हटलं, "सिद्राम, हितं ये." गिरिजाला तुमची डबी आणायला सांगितली. पोरीने एक नवी जोडी काढली आणि तुम्ही शिकवलंत तस्साच काकाचा कान वर ओढून बोळे बसवले. सिद्राम "वैनी, वैनी" करत होता, पण सगळ्यांसमोर पळणार कुठे? त्याला पाठमोरा उभा केला. तुमची गाडी दुरुस्तीला टाकलेली, म्हणून गिरिजाने मांडवाबाहेर लावलेली सिद्रामचीच गाडी ढकलत आणली आणि मागे जाऊन हॉर्न दाबला. सिद्राम असा उडाला, की टोपी पंगतीच्या पत्रावळीवर पडली. दुःखाच्या घरात लोक हसले. अव्वा कोपऱ्यात बसून बघत होत्या, त्या हसल्या नाहीत.

मी म्हटलं, "आलं ऐकू?"

"आलं की," तो चिडून म्हणाला. "एवड्या जोरात वाजिवल्यावर!"

मग मी त्याचे बोळे काढायला लावले आणि डोळ्यांवर टॉवेल बांधला. गिरिजाने गाडी बंद ठेवूनच हळूच मांडवात दुसरीकडे नेऊन उभी केली. मी म्हटलं, "आता तुझे कान उघडे आहेत. सोलापुरात तुझ्याइतके चांगले कान कुणाचे नाहीत. सांग, गाडी कुठं आहे?"

तो हात पुढे करून उभा राहिला. एकदा इकडे मान वळवली, एकदा तिकडे. "वैनी, गाडी बंद हाय. कसं कळंल?" असं म्हणत तो दोन पावलं पुढे गेला आणि त्याची नडगी फूटरेस्टवर आपटली.

"तुमची ट्रॉलीही बंद होती, बसवणप्पा," मी म्हटलं. "ती बोलत नव्हती. तिला कानांनी बघायचं नव्हतं, डोळ्यांनी बघायचं होतं, आणि अंधारात डोळ्यांना दिसावं असं तुम्ही तिला काही लावलं नव्हतं. रस्त्यात गाडी बंद पडली की मागे दगड मांडायचे, बाभळीची फांदी टाकायची, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. ते तुमच्या ड्रायव्हरला सुचलं नाही. त्याचं खापर माझ्या माणसाच्या कानांवर फोडू नका."

ते म्हणाले, "डायवर पंक्चर काडाय गेलता, अक्का." एवढंच. आणि प्रसाद न घेता गेले. लोकांना वाईट वाटलं, घरी आलेला माणूस उपाशी गेला म्हणून. मलाही वाटलं असतं. पण त्या दिवशीचा तुमचा दुपारचा डबा तुमच्या बॅगेबरोबर तसाच, न खाल्लेला परत आला होता. तो मी उघडलाय, मला कुणाच्या उपाशी जाण्याचं सांगू नका.

सिद्रामने तो मेसेज काढला. त्याने काय होणार? तो तोवर बार्शीपर्यंत पोचला होता.

पण माझी खरी काळजी बोध घेणाऱ्यांची नव्हती. गिरिजाची होती. तुमच्या हाताखाली तयार झालेली पोरगी, तुमची जनावरं तीच बघणार, त्याच रस्त्याने, मोटरसायकलवरच. आणि अव्वांनी तिला जवळ घेऊन शपथ घातली होती, की कानात काही घालणार नाहीस. पोरीने शब्द दिला. देऊन माझ्याकडे बघितलं. मला माझे वडील दिसायला लागले, सोप्यावर बसून नुसतं हसणारे. म्हटलं, एका ट्रॉलीने नवरा नेला, आता तीच ट्रॉली लेकीचे कानही नेणार आणि मी बघत बसणार.

गणाराधनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन वाजला. अजून तुमच्याच फोनवर येतात सगळे. अक्कलकोटच्या पुढे एका वस्तीवर गाय अडली होती. माणूस म्हणाला, "डॉक्टर न्हाईत म्हाईत हाय, पण ताई येत्यात का?" गिरिजाने तुमची बॅग घेतली. दुरुस्त होऊन आलेली तुमची गाडी बाहेर काढली. हेल्मेट घेऊन दारात उभी राहिली. डबी तिच्या हातात होती, पण उघडेना. अव्वा रोजच्यासारख्या आत जायला उठल्या.

मी गप्प बसले होते. तुमचा विश्वास बसणार नाही, पण खरंच गप्प बसले होते.

अव्वा आत गेल्या नाहीत. उंबऱ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "घाल गं. बगू."

गिरिजाने एक हात डोक्यावरून नेला, कान ओढला, बोळा घातला, धरून ठेवला. मग दुसरा. अव्वांनी तिला खुणेने पाठमोरं उभं राहायला सांगितलं. आणि स्वतः भिंतीला धरत धरत मागे सरकल्या, पार स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. मला वाटलं आता या ओरडणार. तर त्यांनी हाक मारली ती अगदी हलकी. तुम्ही पुस्तकात डोकं घालून बसलेले असायचात तेव्हा जेवायला मारायच्या ना, तीच.

"शिवाऽ, ऊटक्क बा."

गिरिजा लगेच वळली. डोळे भरून आले होते तिचे. "ऐकू आलं, अव्वा," ती म्हणाली. "जेवायला बोलावलंस."

अव्वा तिथेच, दाराच्या चौकटीला टेकून खाली बसल्या. इतक्या दिवसांत न रडलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं. मी धावले तर माझा हात धरून एकच म्हणत राहिल्या, "मंग माज्या पोराला ऐकाय येत हुतं. येत हुतं की गं ऐकाय."

येत होतं, अव्वा. हेच तर मी कधीची ओरडून सांगतेय.

गिरिजाने हेल्मेट चढवलं. मी दारात तेच सांगितलं जे तुम्हाला रोज सांगायचे, आणि तीही म्हणाली, "येते की." गाय सुटली, कालवड झाली. आणि गिरिजा दिवस मावळायच्या आत घरी आली. तुम्हाला काय झालं होतं यायला?